साळवे सर आन त्यांचं हत्यार

सर सैपाकखोलीच्या दारात आले की आधी खोकायचे. मंग चपला काढायचे. आत यायचे न्हाईत. चौकटीला हात लावून म्हनायचे, "मावशी, एक कांदा द्या. मोठा द्या. आन सोलू नका."

पारूला टोमना मारल्याबिगर करमायचं न्हाई. "कावून सर, घरी मॅडम कांदा देत न्हाईत का?"

"देती की पारूबाई. पन ती चिरून देती. मला सबंध पायजे."

कांदा घेऊन जायचे आन घटकाभरानं परत आनून द्यायचे. त्याच्यातली एखादी पाकळी तेवढी गेलेली असायची. "बाकीच्याला औषध लागलेलं न्हाई, खिचडीत टाका," म्हनायचे. आसा कांदा मागून परत देनारा मानूस मी दुसरा बगितला न्हाई.

आमच्या गावची शाळा आठवीपोतर. मी आन पारू तितं पोरांची खिचडी शिजवायचो. पारू माझी शेजारीन, भिंतीला भिंत. त्याच्या आधी माझा जलम ऊस तोडन्यात गेला. लगीन झालं त्या साली हातात कोयता आला, तो मालक वारल्यावरबी सुटला न्हाई. गुडघे गेले तवा सुटला. मंग शाळेत हे काम भेटलं. सावलीतलं काम, बसून करायचं. मी म्हनलं, देवानं उशिरा दिलं पन बरं दिलं.

साळवे सर सायन्स शिकवायचे. शाळेत एकच दुर्बीन व्हती, जुनी, काळी, लोखंडाची. मी तिला दुर्बीनच म्हनायची. सर म्हनायचे, "मावशी, दुर्बीन लांबचं दावती. ही जवळचं दावती. सूक्ष्मदर्शक हाय ती." मी म्हनायची, "बरं." आन परत दुर्बीनच म्हनायची. सरांनी पुढं पुढं सांगायचं सोडलं.

तिला लाईट न्हवता. खाली एक गोल आरसा व्हता, त्यानं उजेड धरायचा. वर्गात तर अंधार. उजेड भेटायचा आमच्या सैपाकखोलीच्या वट्ट्यावर, कारन समोर शाळेची चुना मारलेली भिंत व्हती, तिच्यावर ऊन पडायचं. सर पोरांला बजावून सांगायचे, "आरसा भिंतीकडं करायचा. सूर्याकडं केला तर डोळा जाईल. सूर्य धरायचा न्हाई, उजेड धरायचा." म्हनून सरांचा तास आमच्या वट्ट्यावर भरायचा. तिकडं शिकवनं चालायचं आन इकडं आमचा भात शिजायचा. शाळा मला लहानपनी भेटली न्हाई, ती आशी म्हातारपनी वट्ट्यावर येऊन बसली.

सर परळीकडचे. उंच, काटकुळे, शर्ट सदा ढगळा. वरच्या खिशात पेन न्हाई, फडकं असायचं. त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेला. काय बी हातात घेतलं की आधी पुसायचे. दुर्बिनीचं भिंग तर पुसायचेच, पन खुर्ची, पेला, आमी दिलेलं खिचडीचं ताटबी पुसायचे. पारूला राग आला.

"सर, घासलेलं हाय ते. आमी काय घान ठिवतो का?"

सर वरमले. म्हनले, "तसं न्हाई पारूबाई. आमच्या परळीत वीज करायच्या कारखान्याची राख पडती. वाळत घातलेल्या कपड्यावर पडती, ताटावर पडती. आई ताट पुसल्याबिगर वाढायची न्हाई. हात आपसुक जातोय."

त्या दिवसापासनं पारू त्यांच्या म्होरं ताट पुसून ठिवायची. सर तरीबी पुसायचे.

दुर्बीन उचलायची त्यांची रीत ठरलेली. एक हात मानंला, एक हात बुडाखाली. तान्हं लेकरू धरत्यात तशी. पोरांला म्हनायचे, "एका हातानं उचलली त्याला आज खिचडी न्हाई." खिचडी आमची आन धमकी त्यांची!

आजून एक पाठ करून घ्यायचे. "खाली नेताना बाहेरून बगायचं, वर आनताना आतून बगायचं." म्हंजी काय, तर भिंगाची नळी खाली सोडताना डोळा लावायचा न्हाई, बाजूनं वाकून बगायचं, न्हाईतर भिंग काचपट्टीवर आपटून दोन्ही फुटत्यात. पार काचंजवळ नेली की मंग डोळा लावायचा आन हळूहळू वर आनायची, दिसंपोतर. पोरं हे गान्यासारखं म्हनायची. पारू चुलीवरचं पातेलं उतरताना म्हनायची, "खाली नेताना बाहेरून बगा गं बाई, न्हाईतर पाय भाजंल."

मलाबी सरांनी एकदा बसवलं. "दोन्ही डोळे उघडे ठिवा मावशी, एकानंच बगा." मला लई येळ काय दिसंना. मंग एकदम दिसलं. कांद्याच्या पातळ पापुद्र्यात विटा रचलेल्या, एकाला एक लागून, आन हरेक विटंत एक ठिपका. सर म्हनले ह्या पेशी. सगळं जितं-जागतं ह्यांचंच बनलंय, तुमीबी आन मीबी. पारूनं डोळा लावला आन म्हनली, "आगं बया, ह्यो कांदा हाय का वीटभट्टी?"

पोरांचं एक सारखं चुकायचं. काचपट्टीवर पापुद्रा ठिवला, पान्याचा न्हाईतर रंगाच्या औषधाचा थेंब टाकला, की वर बारीक काच झाकायची असती. पोरं ती दनकन टाकायची आन खाली हवंचे बुडबुडे आडकायचे. काळ्या काठाचे गोल गोल. पोरं त्यालाच पेशी समजायची. सर सांगून सांगून दमले. एक दिवस मी माझ्यापुरती भाकर थापायले, तर सर सगळा वर्ग घेऊन दारात हुबे.

"मावशी, भाकर तव्यावर टाकून दावा. हळू."

मी टाकली. मला वाटलं काय चुकलं का काय.

"बगितलं का?" सर पोरांला म्हनले. "मावशीनं भाकर वरून सोडली का? न्हाई. एक कड टेकवली, मंग बाकीची निजवली. खाली हवा आडकली न्हाई. काच तशीच झाकायची."

त्या दिवशी बुडबुडे कमी झाले. पन माझी भाकर करपली, कारन अख्खा वर्ग तव्याभवती आन मला उलटायला वाट न्हाई.

एकदा तपासनीला सायब आला. वह्या बगायला. एका पोराच्या वहीत पेशीच्या जागी बुडबुड्याचं चित्र. सायब म्हनला, "काय हे साळवे सर? पुस्तकात असं चित्र आहे का?"

सर म्हनले, "न्हाई सर. पन त्याला दिसला बुडबुडा, त्यानं काढला बुडबुडा. खाली नावबी बुडबुडाच लिव्हलंय, बगा. दिसलं तेच काढा, आसं मीच सांगितलंय."

सायबानं वही लांब धरली, जवळ धरली, आन खिचडी खाऊन गेला.

पारूची गंमत तर सांगितलीच पायजे. सरांनी पोरांला आपापल्या गालाच्या आतली पेशी दावायचं ठरवलं. काडीच्या मागच्या बाजूनं गालाला आतून हळूच घासायचं, ते काचंवर लावायचं. पारू म्हनली, माझीबी बगा. सरांनी काच लावली, बगितली, परत बगितली. बारीक काळे ठिपके सगळीकडं.

"पारूबाई, मिसरी लावता का?"

"न्हाई बाई," पारू म्हनली. सगळा गाव तिला मिसरी लावताना बगतो.

"काचंवर तंबाखू दिसायलीय."

"मंग काच बदलली आसंल सर. ती हिच्या गालाची आसंल," आन माझ्याकडं बोट.

सर हासले न्हाईत. लई आदबीनं म्हनले, "आसंल, आसंल." पन आठ दिवस मिसरीचा वास आला न्हाई. नवव्या दिवशी आला, ते सोडा.

आता आमच्या गावाचं सांगते. दसरा झाला की टोळ्या निघत्यात ऊस तोडायला. आयबाप गेले की पोरंबी जात्यात. पुस्तकात पेशीचा धडा मागं व्हता म्हनं, सर तो ओढून दसऱ्याच्या आत घ्यायचे. हेडसर म्हनले, "साळवे, क्रमानं घ्या." सर म्हनले, "क्रम पुस्तकाचा बरोबर हाय सर. पन टोळीचा क्रम येगळा हाय."

मपली नात कोमल, लेकाची थोरली पोरगी. ती माझ्यापाशी ऱ्हायची, आयबाप टोळीवर. ती सातवीत व्हती त्या सालची गोष्ट. सर वर्गात म्हनले व्हते, "सुताराचा रंधा, तोडकऱ्याचा कोयता, तसं हे आपलं हत्यार." आमच्यात खंडेनवमीला हत्याराची पूजा असती. कोयते धुवायचे, हळदीकुंकू लावायचं. मंग काय, कोमलनं मैत्रिनी घेतल्या, कपाट उघडलं, आन दुर्बिनीला हळदीकुंकू लावलं. मानंला लावलं, बुडाला लावलं, आन भक्तीभावानं भिंगाला आन आरशालाबी लावलं. वर फूल.

सुट्टी सरल्यावर सरांनी डोळा लावला तर सगळं लालेलाल. कोमल हुबी ऱ्हायली. मी खिडकीतून बगायले, म्हनलं आता पोरीला मार बसतोय.

सरांनी भिंग फिरवून फिरवून बगितलं. मंग म्हनले, "पूजा बरोबर केली. जागा चुकली. भिंग आन आरसा ही डोळ्याची जागा, डोळ्यात कुंकू कोन घालतं का?" आन खिशातलं फडकं काढून तिला दिलं. "तूच पूस. दाबून पुसू नको, कुकवाच्या कनानं चरे पडत्यात. आधी फुंकर, मंग फडकं."

दुपारभर पोरगी पुसायली. सर शेजारी बसून वह्या तपासायले. सगळं निघालं, फकस्त बुडाच्या खाचंत हळद ऱ्हायली. सर म्हनले, "ती ऱ्हाऊ दे. ती जागा पूजंचीच हाय." तवापासनं दुर्बीन पुसायचं काम कोमलचं. आन आरसा लावायचंबी. भिंतीचा उजेड असा बरोबर धरायची की सर म्हनायचे, "हिला सांगावं लागत न्हाई."

पन ती आठवीत गेली त्या साली माझ्या सुनंला, सविताला, लेकरू झालं व्हतं. तान्हं. टोळीवर त्याला बगायला कोनतरी पायजे. लेक ज्ञानू म्हनला, कोमलला न्यावं लागंल. त्याचं खोटं न्हवतं. आन आठवी अर्धी सुटली की पोरगी परत वर्गात येत न्हाई, तिचं लगीन होतं, हे बी खोटं न्हवतं. ट्रॅक्टरवर बसताना कोमल रडली न्हाई. सर वाटंला आलते. त्यांला एवढंच म्हनली, "सर, फडकं खिडकीत वाळत घातलंय."

त्यानंतर सर कांदा मागायला आले न्हाईत. वट्ट्यावर तासबी न्हाई. पारू म्हनली, "काय बाई, कांदे कुजायलेत." मंग एक दिवस दारात खोकले. चपला काढल्या.

"मावशी, रविवारी कडा गावाकडं येता का? तुमची टोळी तिकडंच हाय न्हवं?"

"हाय. कावून सर?"

"ऊस बगायचाय."

सरांनी ऊस कधी बगितला न्हाई, आसं कसं आसंल? पन मी म्हनलं, "येते."

फटफटीवर मागं मी, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली दुर्बीन. एक हात मानंला, एक बुडाखाली. खड्डा आला की सर मागं न बगता इचारायचे, "बरी हाय का?" मी म्हनायची, "बरी हाय." गुडघे ठनकत व्हते, पन दुर्बीन बरी व्हती.

उसाच्या फडाच्या कडंला तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हंजी झोपड्या व्हत्या, वाळल्या पाचटाच्या आन ताडपत्रीच्या. दुपारची भाकर खायला सगळे आलते. कोमल भावाला काखंत घेऊन आली. सरांला बगून थबकली. पोरगी आधी काय म्हनावी? "सर, फडकं आनलं का?"

सरांनी खिशातून काढून दिलं.

लोकं गोळा झाली. सरांनी उसाचं कांडं मागितलं, बिलेडनं पातळ काप काढायले. एक जाड झाला, फेकला. दुसरा फेकला. ज्ञानू म्हनला, "सर, असा तोडला तर दिवाळीपोतर एक मोळी व्हायची न्हाई." सगळे हासले. एक जन म्हनला, "सर, ह्यात उवा मोठ्या दिसत्यात का?" सविता म्हनली, "आधी तुमच्या टकुऱ्यातली लावा भावजी."

काप जमला. काच झाकली, एक कड टेकवून. पन उजेड लागंना. तितं चुन्याची भिंत कुठली? पाचट, माती, काळी ताडपत्री. सरांनी आरसा सगळीकडं फिरवला, घाम आला त्यांला. कोमलनं बाळ माझ्याजवळ दिलं आन पळाली. बाळाचं धुतलेलं पांढरं दुपटं दोरीवर वाळायलेलं, ते आनलं, उन्हात कोपीच्या तोंडाला ताठ बांधलं, आन आरसा तिकडं केला. बाजूनं वाकून नळी खाली नेली, डोळा लावून वर आनली.

"दिसलं सर."

सविताला सगळ्यात आधी बसवलं. ती लई येळ उठंना. "ह्यात बारीक नळ्या हायेत," म्हनली. सर म्हनले, "मुळातलं पानी एकीतनं वर चढतंय, पानातलं गोड दुसरीतनं खाली येतंय." सविता म्हनली, "रोज कोयता मारते ह्याच्यावर. आतून आज बगितला." ज्ञानूनं बगितलं. परत बगितलं.

मंग सर हळूच म्हनले, "ज्ञानोबा, आरसा पोरीनं लावला. मला लागला न्हाई. वर्गात तिची जागा रिकामी हाय."

ज्ञानू म्हनला, "दिसायलंय मला सर. मी आंधळा न्हाई. पन सविता फडात, मी फडात. लेकराला पाचटावर टाकू का? मागच्या साली तिकडल्या फडात पाचटातून साप निघाला. तुमीच सांगा, कोन बगंल?"

सरांनी मान खाली घातली. फडकं घेतलं आन पुसलेलंच भिंग परत पुसत बसले.

बाळ माझ्या मांडीवर झोपलं व्हतं. मी म्हनलं, "मी ऱ्हाते."

"आये, तुजे गुडघे?"

"लेकरू बगायला गुडघे लागत न्हाईत, मांडी लागती. पोरगी पारूपाशी ऱ्हाईल."

सविता कोमलचे कपडे गोळा करायली, तवा मला कळलं की ठरलं.

सरांनी माझी थोरवी बिरवी काय गायली न्हाई, ते बरं केलं. एवढंच इचारलं, "मावशी, खिचडीचं?"

"पारू हाय की. मीठ कमी घालती, तिला सांगा. आन कांदा मागायची लाज धरू नका."

पट्टा पडंपोतर, म्हंजी कारखाना बंद व्हईपोतर, मी कोपीत ऱ्हायले. थंडी व्हती, गुडघे व्हते, पन नातू मांडीवर बसून मोठा झाला. परत गावाला आले तर उन्हाळ्यात सरांची बदली झालती, पार लांब. फडकं कोमलला देऊन गेले. दिवाळीला त्यांचा फोन येतो, म्हनत्यात, "मावशी, कांदा हाय का?" कोमल आता बीडला शिकती, रक्त-थुंकी तपासायचं. तिथल्या दुर्बिनीला म्हनं खाली लाईट असतो, आरसा लावावा लागत न्हाई. हे बी तीच लिव्हून घ्यायलीय. मी जरा वाढवून सांगाय लागले की म्हनती, "आजी, दिसलं तेवढंच सांग."

तर दिसलं तेवढंच सांगते. त्या रविवारी उन्हं कलली व्हती. फटफटी सुरू झाली. मागं कोमल, मांडीवर गोधडी, एक हात मानंला, एक बुडाखाली. मी बाळाला घेऊन कोपीच्या तोंडाला हुबी, दुपटं आजून तितंच बांधलेलं. गाडीवाटंला पयलाच खड्डा आला. सरांची पाठ तेवढी दिसायली, ढगळा शर्ट वाऱ्यानं फुगलेला. मागं न बगता त्यांनी इचारलं, "बरी हाय का?"

"बरी हाय, सर," कोमल म्हनली. मला कोपीपोतर ऐकू आलं.